कोंबडी चार आण्यांची, मसाला जर्मनीचा

शनिवारी सकाळी कामशेत सोडून पवनानगरच्या रस्त्याला लागलेल्या गाड्या जरा नीट पाहाव्यात. ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, लँड रोव्हर अशा थोराड एसयूव्ही एकामागून एक जातात आणि त्यांतल्या बऱ्याच दहा-बारा वर्षांच्या असतात. नंबर एमएच १२ किंवा एमएच १४ चे, अधूनमधून एखादा थेट दिल्लीचा डीएल. मालक सगळेच उद्योगपती नसतात. कुणाचा तिकोणा पेठेच्या आसपास पवनेच्या काठी तंबूंचा धंदा असतो, कुणी बंगल्यांची देखभाल करतो, कुणाची वडिलोपार्जित जमीन प्लॉटिंगमध्ये गेलेली असते.

या शेवटच्या माणसाला मावळ-मुळशीत ‘गुंठामंत्री’ म्हणून हिणवण्याची जुनी पद्धत आहे. हिणवणारे बहुतेक शहरातले असतात आणि त्यांच्या स्वतःच्या दारातली गाडी हप्त्यावर असते, हा भाग वेगळा. मोठ्या गाडीची हौस असणे हा काही गुन्हा नाही. चुकतो तो हिशेब.

गाडीचा भाव दरवर्षी उतरतो. तिच्या सुट्या भागांचा उतरत नाही, उलट चढतो. विम्याच्या घसाऱ्याचा तक्ता पाहिला तर पहिल्या सहा महिन्यांत पाच टक्के आणि पाचव्या वर्षापर्यंत निम्मी किंमत गेलेली असते. त्यापुढची किंमत मालकाने आणि विमा कंपनीने आपसांत ठरवायची. आलिशान गाड्यांचा बाजार तर या तक्त्यालाही थांबत नाही, कारण वॉरंटी संपत आली की पहिला मालक नव्या मॉडेलकडे वळतो. साठ लाखांची गाडी दहा-बारा वर्षांनी नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळू लागते ती अशी. पण ती नऊ लाखांना मिळाली, तरी तिचा हेडलॅम्प साठ लाखांच्या गाडीचाच राहतो. सहा सिलिंडरच्या इंजिनात सात-आठ लिटर ऑइल जाते. ऑडीच्या पहिल्या क्यू७ ची टाकी शंभर लिटरची. डिझेल नव्वदच्या घरात धरले तर एकदा फुल करायचे नऊ हजार रुपये. वीस इंची टायर एकेक करून बदलता येतील म्हणावे, तर चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत झिजलेले आणि कोरे टायर एकत्र घातलेले गिअरच्या यंत्रणेला सोसत नाहीत.

एकच खर्च लहान-मोठा असा भेद करत नाही. दीड हजार सीसीच्या वरच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ च्या दरपत्रकाने वर्षाला ७,८९७ रुपये आणि वर कर. मग ती स्कॉर्पिओ असो की रेंज रोव्हर. मात्र स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून घ्यायची वेळ आली की रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांची निम्मी रक्कम कापली जाते. दहा वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याचीही निम्मी. घसारा न कापणारा विमा इतक्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही.

म्हणून हाताशी नऊ लाख असतील, तर सहाची गाडी घ्यावी आणि तीन लाख बँकेत ठेवावेत. हे तीन लाख पहिल्या दीड-दोन वर्षांत लागतील असेच धरून चालावे. कर्ज काढून तर ही हौस करूच नये. हप्ता आणि गॅरेजचे बिल एकाच महिन्यात आले की गाडी विकायला निघते आणि घाईने निघालेल्या गाडीला भाव येत नाही.

सध्या अशा गाड्यांचा भाव पडलेला दिसतो, त्याला दोन कारणे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी ४० टक्के झाला. आधी उपकर धरून तो ५० टक्क्यांपर्यंत जात होता. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप खाली येतो. दुरुस्ती करणाऱ्याला सुखावणारी गोष्ट अशी, की त्याच बदलात सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के कर आला. त्यातल्या बऱ्याच भागांवर आधी २८ टक्के होता.

दुसरे कारण दिल्लीचे. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या राजधानीच्या परिसरात चालू द्यायच्या नाहीत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधनच नाकारायला सुरुवात झाली, तेव्हा ८४ लाखांना घेतलेली २०१५ ची मर्सिडीज एमएल ३५० एका दिल्लीकराने अडीच लाखांना विकल्याची बातमी देशभर फिरली. पुढे न्यायालयाचे आदेश बदलत राहिले, पण दिल्लीची स्वस्त डिझेल एसयूव्ही महाराष्ट्रात येण्याचा ओघ काही आटलेला नाही. एजंट फक्त गाडीचा भाव सांगतो. त्यावर दिल्लीच्या आरटीओची एनओसी, इथली नोंदणी आणि इथला कर हे धरायचे असते. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या नव्या डिझेल गाडीला १५ टक्के एकरकमी कर आहे, कंपनीच्या नावावरची किंवा आयात केलेली असेल तर २० टक्के. जुन्या गाडीला यातून वयाप्रमाणे सूट मिळते, माफी मिळत नाही. परराज्याचा नंबर बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ चालत नाही. अति स्वस्ताईचे टोक केरळात दिसले. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे सीमाशुल्क विभागाने भूतानमार्गे चोरून आणल्याच्या संशयावरून जुन्या आलिशान गाड्यांवर छापे घातले. त्यांत सिनेनटांची घरेही होती. कागद पाहून गाडी घेतली, एवढे सांगून अशा वेळी सुटका होत नाही.

कोणती घ्यावी? इथे मावळचाच एक धडा उपयोगी पडतो. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. मे २०१७ मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवत असल्याचे जाहीर केले, २०२० च्या अखेरीस उत्पादनही थांबले आणि आता त्याच जागी ह्युंदाई आहे. या कंपनीची ट्रेलब्लेझर ही दणकट एसयूव्ही २०१५ मध्ये थायलंडहून तयार होऊन आली होती. दोन वर्षांत विक्री बंद. अशी गाडी कवडीमोलाने मिळते, पण रस्त्यावर तिच्यासारख्या गाड्याच कमी, त्यामुळे भंगारातून भाग काढून आणण्याची सोयही तोकडी. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करायचे ठरवले, तरी एन्डेव्हरचे तसे झाले नाही. गाड्या भरपूर खपलेल्या होत्या आणि फिटरांचा हात त्यांवर बसलेला होता. तात्पर्य, बोधचिन्हापेक्षा गर्दी पाहावी. लँड रोव्हरची फ्रीलँडर २ मे २०११ पासून पुण्यातच जोडली जाऊ लागली आणि चार-पाच वर्षांत बंद झाली. गाडी गोड आहे, पण तिचा जाणकार आधी शोधावा लागतो. बीएमडब्ल्यूची एक्स१ भारतात २२ लाखांपासून आली होती आणि म्हणून खूप खपली. तिच्या त्या काळच्या दोन लिटर डिझेल इंजिनात टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेन दोनशे रुपयांची असती तरी तिथवर पोचायला गिअरबॉक्स किंवा सगळे इंजिनच उतरवावे लागले असते.

गाडी पाहायला जाताना मालकाला आधीच बजावावे, की इंजिन गरम करून ठेवू नका. गेल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवावा. कोमट लागला, तर चहा घेऊन दुसऱ्या दिवशी यावे. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या दोन-तीन सेकंदांत पुढून वा मागून साखळीसारखी खडखड आली, तर ती चेन. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही राहिला, तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असण्याची शक्यता. मग सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा, अगदी शेवटच्या टोकापर्यंत. वरचा भाग पुसलेला असतो. गुंडाळीत राहणाऱ्या शेवटच्या हातभर पट्टीवर मातकट रेघ दिसली, तर गाडी कुठल्या तरी पुरात उभी होती. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांत पाणी शिरले होते, त्यातल्या गाड्या कुठे ना कुठे गेल्याच असतील. डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खळग्यातही बोटे फिरवावीत.

एअर सस्पेन्शनची परीक्षा फुकट होते, फक्त एक रात्र लागते. संध्याकाळी गाडी सपाटीवर उभी करून प्रत्येक चाकाच्या वर मडगार्डपर्यंत किती बोटे अंतर आहे ते मोजायचे आणि सकाळी सुरू करण्याआधी पुन्हा मोजायचे. एका कोपऱ्यात दोन बोटे कमी भरली, तर तिथल्या रबरी फुग्याला भेग आहे. फुगा गळतो म्हणून कॉम्प्रेसर जास्त चालतो, जास्त चालतो म्हणून जळतो. मग फुग्याचे बिल बाजूलाच राहते. दुधिवरे खिंडीची चढण आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे रोज खाणाऱ्या गाडीला साध्या स्प्रिंगा असलेल्या बऱ्या. चार चाकांना ताकद असली, तरी डांबरी रस्त्याचे टायर घालून पवनेच्या काठच्या चिखलात उतरलेल्या जर्मन गाडीला शेवटी ट्रॅक्टरच ओढतो. बीएस ६ डिझेल असेल, तर धुराचा फिल्टर काजळी जाळायला सलग वेगाने धावणे मागतो. तिकोणा पेठ ते पवनानगर एवढ्याच फेऱ्या घालणाऱ्याने ती घेऊ नये. द्रुतगती मार्गावर नेमाने जाणाऱ्याला चालेल.

किलोमीटर मागे फिरवलेले असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कमी लोकांना ठाऊक असते ते हे, की या गाड्यांत तो आकडा मीटरखेरीज इतर कॉम्प्युटरांतही नोंदलेला राहतो आणि चांगल्या स्कॅनरवर दिसतो. म्हणून फिटर बरोबर न्यावा आणि त्याने स्कॅनर आणावा.

कागदांचे थोडक्यात. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद, फॉर्म २९ आणि ३०, थकलेली ई-चलने, विमा स्वतःच्या नावावर. नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. जुनी गाडी विकणाऱ्यानेही नाव बदलल्याशिवाय स्वस्थ बसू नये. आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, भरपाई त्यानेच द्यायची, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सांगितले आहे. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचे प्राधिकारपत्र लागते. ते मागितल्यावर व्यापाऱ्याचा चेहरा कसा होतो, यावरून पुष्कळ समजते.

एवढे करूनही बेताच्या उत्पन्नात ही गाडी पोसता येईल की नाही, हे एका वेगळ्याच गोष्टीवर ठरते. ती दुरुस्त करण्याचा अधिकार कुणाला आहे? शोरूममध्ये सुटा भाग दुरुस्त होत नाही, अख्खा जोड बदलला जातो. बाहेरचा हुशार फिटर तोच भाग उघडून, आतला रबरी सील बदलून देतो. गिअरबॉक्सचे उदाहरण घ्या. ‘आतले ऑइल आयुष्यभर चालते’ असे गाड्यांच्या कंपन्या सांगत आल्या. पण बीएमडब्ल्यू, ऑडी आणि लँड रोव्हरला गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः म्हणते, की ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला. आयुष्यभर म्हणजे पहिल्या मालकाच्या आयुष्यभर, एवढाच अर्थ निघतो. डिझेल इंजेक्टरही मूळचे बॉशसारख्या कंपन्यांचे असतात, आणि इंजेक्टर बनवणारा बॉशचा कारखाना तर नाशिकला आहे. जुने नाशिककर त्याला अजून मायकोच म्हणतात. मर्सिडीज २००९ पासून चाकणला जोडली जाते. म्हणजे गाडी इथे बनते, तिचे भाग बनवण्याचे ज्ञानही इथे आहे. तरी कामशेतच्या फिटरला अस्सल भाग, सर्किटचा नकाशा आणि नवा भाग गाडीला ओळखायला लावणारे सॉफ्टवेअर सरळ मार्गाने मिळणे अवघड जाते.

हे काही नवे गाऱ्हाणे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी नेमक्या याच कारणासाठी १४ कंपन्यांना २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. त्यांत मारुती, टाटा, महिंद्र होत्या, तशाच मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, स्कोडा आणि फोक्सवॅगनही होत्या. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना न देऊन त्यांनी बाजार अडवून धरला, असे आयोगाने म्हटले. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात वाहने हा एक विभाग आहे. पण माहिती टाकणे कंपनीच्या मर्जीवर ठेवले, की मर्जीपुरतीच माहिती येते. याच जर्मन कंपन्यांना युरोपात मात्र २००७ पासूनच्या नियमांनी बाहेरच्या गॅरेजला वाजवी शुल्क घेऊन दुरुस्तीची माहिती द्यावीच लागते. तिथे जे सक्तीने देतात, ते इथेही सक्तीने द्यायला लावावे. तसे झाले तर सगळ्यात मोठा फायदा दुसऱ्या आणि तिसऱ्या मालकाचा होईल, कारण वॉरंटीतल्या पहिल्या मालकाला याने फारसा फरक पडत नाही. सरकारचे काय व्हायचे ते होवो, टोकन देण्याआधी खरेदीदाराने एवढे करावे: कामशेत, तळेगाव, पिंपरी-चिंचवड इथे फिरून आपल्याला हवे ते मॉडेल नेहमी उघडणारे दोन फिटर गाठावेत आणि त्यांना विचारावे, की मागच्या खेपेला याचा भाग कुठून आला, किती दिवसांत आला आणि कितीला पडला.