रंगमंचावर मान, रस्त्यावर अवमान

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा ऐतिहासिक प्रयोग झाला. केशवराव भोसले धैर्यधर, तर बालगंधर्व भामिनी. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडासाठी होते. राष्ट्रकार्यासाठी स्त्रीवेषात उभ्या राहिलेल्या त्या पुरुष नटात कोणालाही विकृती दिसली नाही. उलट कुलीन घरांतील स्त्रिया त्याच्या लुगड्याची आणि केशरचनेची ढब उचलत. त्यापूर्वी, १९०१ साली, मुंबईच्याच गुजराती रंगभूमीवर ‘सौभाग्यसुंदरी’तील नायिका रंगवून जयशंकर भोजक कायमचे ‘सुंदरी’ झाले. पुढे या दोघांनाही पद्मभूषण लाभले.

त्याच मुंबईत सिग्नलपाशी एखादा तृतीयपंथी टाळी वाजवतो, तेव्हा मोटारीच्या काचा वर जातात. रंगमंचावरील स्त्रीवेष ही कला, तर तृतीयपंथी वा समलिंगी व्यक्तीची प्रवृत्ती हा तिच्या जगण्याचा भाग; दोहोंची गल्लत करण्याचे कारण नाही. तथापि पुरुषातील स्त्रीत्व प्रेक्षागृहात आदराने पाहणारा समाज घराच्या उंबरठ्यावर इतका कठोर का होतो, हा प्रश्न उरतोच.

या कठोरतेस कायद्याचे बळ दिले ते परकीय सत्तेने. १८६० च्या भारतीय दंडविधानातील कलम ३७७ मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर उत्तर भारतात तृतीयपंथीयांच्या नोंदवह्या उघडल्या आणि नोंद झालेल्यांनी स्त्रीवेषात रस्त्यावर येणे हाच गुन्हा ठरवला. अज्ञातवासातील बृहन्नडेला राजकन्येची नृत्यशिक्षिका म्हणून स्वीकारणाऱ्या विराटनगरीची कथा ज्या देशात घरोघर सांगितली जाते, त्या देशावर व्हिक्टोरियाकालीन नीतिकल्पना लादल्या गेल्या. इंग्रज १९४७ साली गेले. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून मुक्त करण्यास मात्र ६ सप्टेंबर २०१८ हा दिवस उजाडावा लागला.

दरम्यान या मंडळींनी मुंबईत आपला आधार आपणच उभारला. तरुणपणी रामकृष्ण मिशनमध्ये अध्ययन केलेले पत्रकार अशोक राव कवी यांनी १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले. १९९४ साली ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन झाला. १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानातून त्यांची पदयात्रा निघाली. अशा यात्रांतील पाश्चात्त्य धाटणीचे प्रदर्शन अनेकांना रुचत नाही आणि त्यावर टीका अवश्य व्हावी. पण घरात ज्याला जागा मिळत नाही, तो ती रस्त्यावर शोधणार, हेही ध्यानी घ्यावे. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी ही जागा धर्मपरंपरेत शोधली. २०१५ साली किन्नर आखाडा स्थापन झाला आणि २०१९ च्या प्रयागराज कुंभात सहस्रावधी भाविक त्याच्या आशीर्वादासाठी रांगेत उभे राहिले.

विवाहाचा प्रश्न निराळा आहे. हिंदू जीवनदृष्टीत विवाह हा करार नसून संस्कार आहे आणि त्याची व्याख्या बदलणे हे न्यायालयाचे काम नव्हे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही समलिंगी विवाहास मान्यता न देता तो विषय संसदेकडे सोपवला. परंतु विवाहसंस्थेचे रक्षण आणि पोटच्या लेकराला घराबाहेर काढणे यांचा काडीमात्र संबंध नाही. २०२३ च्या आरंभी सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी, ही माणसे समाजात पूर्वापार आहेत व तीही समाजाचाच भाग आहेत, असे स्पष्ट केले. हे वचन बौद्धिक वर्गात ऐकून माना डोलावणे सोपे. आपल्याच घरातील मुलगा वा मुलगी आपली व्यथा सांगेल, तेव्हा ते आठवणे कठीण.

कुटुंबव्यवस्था ही आपली सर्वश्रेष्ठ देणगी, असे आपण जगाला अभिमानाने सांगतो. तिची कसोटी गुणवंत अपत्याच्या सत्कारात लागत नाही. जे अपत्य चारचौघांत ‘अडचणीचे’ वाटते, त्याचे ताट मांडले जाते की नाही, यात ती लागते. समरसता ही वस्तीपुरती मर्यादित नाही. तिचा आरंभ स्वतःच्या माजघरातूनच व्हायला हवा.