आजोबांचा हिशेब का चुकला?

आमचे आजोबा म्हणजे चालता-बोलता कॅलक्युलेटर. वय ७६, गणिताचे रिटायर्ड मास्तर. रंकाळ्यावर भेळ खाल्ली की भेळवाल्याच्या आधी यांचं बिल तयार! पण मागच्या महिन्यात एका रविवारी फिरून आले आणि पेपरवाल्याच्या बिलात अडकले. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा वेगळं उत्तर. वर माझ्यावरच खेकसले. 'वय झालं आता,' आई हळूच म्हणाली. मी तर मनातल्या मनात थेट अल्झायमरपर्यंत पोचले होते.

बिल घ्यायला गेले तर त्यांचा हात गार, घामेजलेला. मशीनवर शुगर बघितली, ५४! रविवार म्हणजे जोतिबाचा उपास. पोटात फक्त चहा, डायबेटिसची गोळी मात्र नेहमीच्या वेळेला घेतलेली. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितली. ८८. 'दोनशे चौदा होतात,' आजोबा म्हणाले. बरोब्बर!

मेंदू चालतो ग्लुकोजवर. शुगर ७० च्या खाली घसरत गेली की तो गडबडतो. म्हाताऱ्या माणसांत थरथर, घाम कमी जाणवतो; कधी कधी गोंधळ आणि चिडचिडच आधी दिसते. म्हणजे आपण ज्याला 'स्वभाव' म्हणतो तेच. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका जास्त. (माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.)

'शुगर जितकी कमी तितकी भारी' हे लॉजिकही फसवं आहे. अमेरिका-कॅनडातल्या अकॉर्ड ट्रायलमध्ये शुगर फार कडक कंट्रोल केलेल्या गटात मृत्यू जास्त दिसले, म्हणून २००८ मध्ये ती ट्रीटमेंट थांबवावी लागली. २०११ मध्ये मेंदूचे रिझल्ट आले, तर स्मरणशक्तीलाही काही फायदा नाही. अर्थात वर्षानुवर्षं वाढलेली शुगर मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब करतेच, त्यामुळे गोळ्या मनाने बंद करू नका. आणि गुळाचा चहा? आपला गूळ कितीही फेमस असो, शुगर वाढवतोच.

आजोबा उपास सोडायला तयार नाहीत. शेवटी डॉक्टरांनीच गोळी बदलली, शिवाय बी-१२ तपासायला सांगितलं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की ते कमी होऊ शकतं, त्यानेही विसरायला होतं म्हणे. रिपोर्ट यायचाय. तोवर मी दर रविवारी ऑफिसच्या कामातून उठून त्यांची शुगर बघते. ते मशीनकडे बघतही नाहीत, मला एकोणतीसचा पाढा विचारतात.