21 तारखेला मी येणार नाही

थोडं मोठं लिहितेय. चहा घेऊन बसा.

1 एप्रिलला पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत रुजू झाले. पीएचडीनंतर मुलीसाठी चार वर्षं घरी होते, त्यामुळे ही नोकरी हातची जाऊ द्यायची नव्हती. घर ठाण्याला. नवरा, सासू-सासरे, सहा वर्षांची लेक, सगळं तिकडे. मी सोमवार ते शुक्रवार पुण्यात, शुक्रवारी संध्याकाळी बस.

रुजू व्हायची तारीख बघितली आणि पोटात गोळाच आला. 1 एप्रिलच्या रात्री पेसाह सुरू होत होता. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले शनिवार तेली. त्या रात्री सगळं घर एकत्र बसून हगादा वाचतं आणि घरातलं सगळ्यात लहान मूल चार प्रश्न विचारतं. (1874 साली मराठी हगादा पुण्यातच छापली होती, हे जाता जाता.) लेकीने महिनाभर ते प्रश्न पाठ केले होते. साडेचारला कागदपत्रं आटोपून निघाले, घाटात अडकले, साडेनऊला पोचले. तिने प्रश्न आजोबांना विचारून झाले होते आणि ती सोफ्यावर झोपली होती. पहाटे साडेपाचच्या बसने मी परत. शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी होती म्हणून उरलेला सण मिळाला. येशूच्या कृपेने पेसाह, असं सासरे अजून चिडवतात.

हे रडगाणं नाही. पहिल्या दिवशी रुजू व्हायचंच असतं. पुढचं ऐका.

यंदा योम किप्पूर 21 सप्टेंबरला आहे, सोमवारी. रविवारी सूर्यास्तापासून सोमवारी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही, पाणीही नाही, पांढरे कपडे आणि पूर्ण दिवस प्रार्थना. आमचे म्हातारे याला दरफाळणीचा सण म्हणायचे. दारं लावून घ्यायची, बाहेरच्या जगाशी संबंध नाही. एरवी आम्ही काही फार कडक नाही. शनिवारी लोकलने फिरतो, सगळं करतो. पण हा एक दिवस माझ्या आजीनेही सोडला नाही आणि मीही सोडलेला नाही.

आणि नेमकं 21 लाच आमच्या प्रकल्पाचं परीक्षण लागलंय. बाहेरची समिती येणार. माझी नेमणूक एकेक वर्षाची, मुदतवाढ याच समितीच्या शेऱ्यावर.

सरांना सांगितलं. माणूस चांगला आहे, हे आधी लिहून ठेवते. म्हणाले, "अहो, उपासच आहे ना? आमच्याकडे नवरात्रात बायका नऊ दिवस उपास करून कामाला येतात. उपास करा आणि या."

यात खोडसाळपणा नव्हता, म्हणून उत्तर द्यायला जड गेलं. मी म्हटलं, "सर, दसऱ्याला समिती बोलवाल का?" ते हसले. मग म्हणाले, "दसऱ्याला सुट्टीच असते."

हेच तर. गंमत अशी की आमचा तिश्री आणि तुमचा आश्विन साधारण निम्म्या वर्षी एकाच अमावस्येनंतर सुरू होतात. तेव्हा आमचं नवं वर्ष घटस्थापनेच्या आसपास आणि योम किप्पूर दसऱ्याच्या आसपास. गेल्या वर्षी तर 2 ऑक्टोबरला गांधी जयंती, दसरा आणि योम किप्पूर एकाच दिवशी होते. कुणाकडे काही मागावं लागलं नाही. यंदा तुमचा अधिक ज्येष्ठ येऊन गेला, आमचा जादा अदार पुढच्या वर्षी येणार, म्हणून महिन्याची तफावत पडली. म्हणजे जुळलेल्या वर्षी मी शेजाऱ्याच्या सुट्टीत माझा सण करत होते, हे मला यंदा कळलं.

आता नियम. केंद्र सरकारच्या कायम नोकराला वर्षाला 8 किरकोळ रजा, 30 अर्जित आणि यादीतून निवडायच्या 2 वैकल्पिक सुट्ट्या मिळतात. मी प्रकल्पावरची. माझ्या पत्रात फक्त किरकोळ रजा, त्याही एप्रिलपासून म्हणून सहा. लेकीचा ताप दोन, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन एक, शाळेची सभा एक. उरल्या दोन. त्याच लॅबमध्ये, त्याच यंत्रावर, माझ्याएवढेच तास काम करणाऱ्या कायम माणसाला आरएच आहे आणि मला नाही. हा प्रश्न ज्यूंचा नाहीच. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या बोहरा मुलाचाही आहे, आणि जिचं बाळ आजारी आहे अशा कुठल्याही धर्माच्या बाईचा आहे. आज संशोधनाचा केवढा तरी गाडा ही वर्षा-वर्षाच्या पत्रांवरची पोरं ओढतात.

2016 साली महाराष्ट्र सरकारने आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला. आनंद झाला, पेढे वाटले. पण मला सार्वजनिक सुट्टी नकोय. मूठभर लोकांसाठी राज्य बंद ठेवा, असं म्हणणं वेडेपणा होईल. मागणं एवढंच की कंत्राटी संशोधकालाही वर्षात दोन दिवस त्याच्या मर्जीचे द्या, कारण न विचारता. आणि बैठकीची तारीख ठरवण्याआधी गटात एक मेसेज टाका, "कुणाला अडचण?" याला पैसे पडत नाहीत.

रायगडच्या गावांत आमचे पूर्वज घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद असायचा. गावाला माहीत होतं, तेल शुक्रवारी नेऊन ठेवायचं. तिथे ना एचआर होतं, ना परिपत्रक. आमचं नावच त्यावरून पडलं.

कुणी म्हणेल, करिअर करायचं तर एखादं वर्ष सोडा. नवराही आधी तेच म्हणाला. मग लेकीने विचारलं, "आई, या वेळी तू वेळेवर येशील ना?" त्यावर दोघंही गप्प झालो.

काल रजेचा अर्ज टाकला. माझा भाग लॅबमधली ज्येष्ठ सहकारी मांडणार आहे, ती स्वतःहून म्हणाली. मंजुरीची सही अजून झालेली नाही. रविवारी, 20 तारखेला, सूर्यास्ताआधी टेंभी नाक्याजवळच्या सिनेगॉगमध्ये असेन, लेकीसोबत, आणि फोन बंद असेल.

तुमच्याकडे कंत्राटी लोकांना आरएच मिळते का? मिळत असेल तर त्या परिपत्रकाचा फोटो इनबॉक्समध्ये टाका. सरांना दाखवायचाय.