पट मिरवायचा की मांडायचा?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला. मोबाइलवरच्या पत्त्यांच्या डावात पगार, बचत आणि प्रसंगी घरातले दागिनेही गमावणाऱ्या तरुणांच्या कहाण्या गावोगावी ऐकू येत होत्या. त्या पार्श्वभूमीवर या कायद्याचे स्वागतच व्हायला हवे. परंतु कायदा फार तर एक दार बंद करू शकतो. त्या दाराआड एकटा बसलेला मुलगा उठून बाहेरच्या खोलीत आला, तर तेथे त्याच्यासाठी काय मांडून ठेवले आहे, या प्रश्नाचे उत्तर संसदेने नव्हे, कुटुंबाने द्यायचे आहे.

काही घरांनी ते शोधायला प्रारंभ केला आहे. सातारा-सांगलीकडची जी मुले पुण्या-मुंबईत नोकरी करतात, त्यांच्यापैकी काहींना आधुनिक बैठ्या खेळांचा छंद जडला आहे. सुटीला घरी येताना त्यांच्या पिशवीत दोन-चार हजार रुपयांचा एखादा जाडजूड खोका असतो. त्यातून पट, पत्ते, लाकडी सोंगट्या आणि वीस पानांची नियमपुस्तिका निघते. घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रथम हे पोरखेळ वाटतात; उधळपट्टीही वाटते. तथापि हे खेळ आहेत तरी काय, हे समजून घेतल्याशिवाय निकाल देणे योग्य ठरणार नाही.

या छंदाचे माहेर जर्मनी. तेथे वर्षातील उत्तम खेळाला पुरस्कार देण्याची प्रथा १९७९ पासून चालत आली आहे. १९९५ मध्ये तो मान क्लाउस टॉइबर यांच्या ‘कटान’ या खेळाला मिळाला. एका निर्जन बेटावर वस्ती करायची, लाकूड, विटा, धान्य, लोकर आणि खनिज मिळवायचे आणि जे आपल्यापाशी नाही ते शेजाऱ्याकडून देवघेव करून आणायचे, असा हा डाव. त्यात मध्येच कुणी बाद होऊन भिंतीला टेकून बसत नाही. शेवटपर्यंत प्रत्येकाला दुसऱ्याची गरज लागते. जगभर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. २००८ मध्ये आलेल्या ‘पँडेमिक’मध्ये तर खेळाडू परस्परांविरुद्ध खेळतच नाहीत. सर्वांनी मिळून साथीच्या रोगांना रोखायचे. जिंकले तर सारे, हरले तर सारे.

हे वाचताच आपल्यातील अनेकांच्या ओठांवर एक वाक्य येईल, “आमच्याकडे हे सारे होतेच!” होते, हे निर्विवाद. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. कृष्णाकाठ ज्यांच्या राज्यात होता, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला आणि त्यात क्रीडांना वीस अध्यायांचा स्वतंत्र विभाग दिला. फाशांचे खेळ आणि चतुरंग यांचा विचार त्यात आहे. सातारा जिल्ह्यातील पाल येथे ज्यांच्या विवाहाची यात्रा भरते, ते खंडोबा आणि म्हाळसा लोककथेत सारीपाट मांडून बसतात. देव डाव हरतो आणि पणाप्रमाणे बारा वर्षे वनवास पत्करतो. हरलेला डाव निमूट मान्य करणारा देव ज्या समाजाने कल्पिला, त्या समाजाला खेळातले शील वेगळे शिकवावे लागत नाही.

आपल्या पचिशीवरून इंग्लंडात ‘लुडो’ झाला आणि १८९६ मध्ये त्याचे पेटंट घेतले गेले. त्याआधी १८९२ मध्ये सापशिडीचेही पेटंट निघाले होते. या सापशिडीचे मूळ आपला मोक्षपट. परंपरा त्याचे श्रेय ज्ञानेश्वर माउलींना देते. अभ्यासकांना हाती लागलेले पट मात्र त्यांच्या पुष्कळ नंतरचे आहेत. मोक्षपटात प्रत्येक घराला नाव असे. सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेई, दुर्गुणाच्या घरातला साप खाली ओढी आणि शेवटचे घर मुक्तीचे. सुरुवातीच्या इंग्रजी पटांवर तिकडची नीतिमूल्ये आली, पुढे तीही गळाली आणि उरले नुसते आकडे. आज आपली मुले सापशिडी म्हणून खेळतात, ते हे आकडे.

पण येथे थांबून स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या पश्चिम भारतातील या पटांवरचा विस्तृत प्रबंध २०१९ मध्ये सादर झाला, तो डेन्मार्कमधील कोपनहेगन विद्यापीठात. पट आपल्या आजोबांचे, अभ्यास परक्यांचा आणि अभिमान तेवढा आपला, अशी ही वाटणी आहे. वारसा मिरवण्यात आपण कमी पडत नाही. तो मांडण्यात पडतो.

मांडला तर काय होते, याचा दाखला दूर शोधायला नको. सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात, ते काही चतुरंग भारतात जन्मले म्हणून नव्हे. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी या एका खेळासाठी आयुष्य वेचले, नूतन बुद्धिबळ मंडळाने वर्षानुवर्षे स्पर्धा भरवल्या, मुलींसाठी वेगळी व्यवस्था केली, म्हणून ती पंढरी झाली. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे यांच्या घडणीत या मातीचा वाटा आहे. मूळच्या सांगलीच्या खाडिलकर घराण्यातील वासंती १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय विजेती ठरली; पाठोपाठ जयश्रीने आणि रोहिणीनेही ते पद मिळवले आणि रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली. तीन सख्ख्या बहिणी एकाच खेळात देशात पहिल्या येतात, तेव्हा त्यामागे घरात रोज मांडला जाणारा पट असतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तो याच वाटेवरचा पुढचा टप्पा.

आता संग्रहाविषयी. या छंदात शंभर-शंभर खोके जमवणारे आहेत आणि त्यातले निम्मे कधी उघडलेलेही नसतात. याला संग्रह म्हणावे की साठा? सातारा जिल्ह्याला हा भेद समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आयुष्यभर चित्रे-शिल्पे जमवली आणि १९३८ मध्ये त्यांचे संग्रहालय उभे करून ती लोकांपुढे ठेवली. चार माणसांच्या हाती गेल्यावर जी वस्तू सार्थकी लागते, ती कपाटात कोंडणे हा छंद नव्हे, केवळ हव्यास होय.

खेळात वेळ वाया जातो, हा आक्षेपही जुनाच. द्यूताने हस्तिनापुराचे काय केले, हे आपण विसरलेलो नाही. परंतु द्यूतात पणाला लागते ती संपत्ती. क्रीडेत लागते ती बुद्धी आणि कसोटी होते स्वभावाची. आजोबा, सून आणि नातू एका पटाभोवती बसतात, तेव्हा वयाचा मान राखूनही नियम सर्वांना सारखाच लागू होतो. रडीचा डाव न खेळणे, स्वतःची पाळी येईपर्यंत थांबणे, धाकट्याकडून हरल्यावर हसणे हे संस्कार व्याख्यानाने होत नाहीत.

म्हणून काही करता येण्याजोग्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. सातारा-सांगलीच्या नगरवाचनालयांनी पुस्तकांप्रमाणे खेळही घरी न्यायला द्यावेत. ज्यांच्यापाशी असे खेळ आहेत, त्या तरुणांनी नियमपुस्तिका सोप्या मराठीत उतरवून आपला पट महिन्यातून एकदा वस्तीतील मुलांसाठी मांडावा. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे आपले नवे खेळ रचावेत. जर्मन माणूस लोकरीच्या देवघेवीचा खेळ जगाला विकू शकतो, तर हरिपूरच्या पेवांतल्या हळदीचा व्यापार पटावर का येऊ नये? २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ फुटांची धोकापातळी ओलांडून ५७ फुटांवर गेली होती. एकाच्या हाती कोयना, दुसऱ्याच्या हाती वारणा, तिसऱ्याच्या हाती अलमट्टी आणि चौथ्याकडे सांगली शहर. सर्वांनी मिळून पूर थोपवायचा, असा खेळ येथल्या मुलाने खेळला, तर नदीचे शास्त्र आणि शेजाऱ्याशी बोलण्याची गरज या दोन्ही गोष्टी त्याला एका संध्याकाळी उमगतील.

मोक्षपट रचणाऱ्यांनी त्यांच्या काळाला पडलेला सर्वांत मोठा प्रश्न एका कापडावर मांडला होता. आपल्या काळाचे प्रश्नही थोडे नाहीत. ते मांडण्याइतकी कल्पकता आपल्यापाशी आहे. हवी आहे ती बैठक. येत्या सुटीत फडताळातला जुना पट किंवा मुलाने आणलेला नवा खोका, जे हाती येईल ते उघडावे, मोबाइल बाजूला ठेवावेत आणि घरातल्या सर्वांत धाकट्याच्या हाती पहिला फासा द्यावा.