मोटर कोणती घ्यायची, हे मुलांना ठरवू द्या



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की पालकांचे फोन सुरू होतात. "मॅडम, पोराला रिमोटची गाडी करायची आहे. सगळ्यात जोरात पळणारी मोटर सांगा, आणून टाकतो." हेतू चांगलाच असतो. पण माझं स्पष्ट मत आहे, की मोटर पालकांनी निवडू नये आणि शिक्षकांनीही निवडू नये.

ही चूक मी स्वतः केली आहे. धुळे तालुक्यातल्या आमच्या शाळेत वर्गातच गाड्यांची शर्यत घेतली, तेव्हा सगळं सामान मीच जळगावहून आणलं. सगळ्यांना एकच मोटर, एकच चाक. गाड्या धावल्या, फोटो निघाले. पण "तुझी गाडी मागे का पडली?" असं विचारलं, तर एकालाही सांगता येईना. कसं येणार? त्यांनी काही ठरवलंच नव्हतं ना!

दुसऱ्या वर्षी पाचवीच्या गटांना निवड करू दिली. पिवळ्या डबीतली बीओ मोटर 60, 100, 150, 300 अशा फेऱ्यांची मिळते. हा आकडा मिनिटाला चाक किती वेळा फिरेल ते सांगतो. सगळ्यांनी अर्थातच 300 ची मागितली. मी आणून दिली.

आधी फळ्यावर गणित केलं. चाकाचा व्यास 6.5 सेंटिमीटर, म्हणजे परीघ सुमारे 20.4 सेंटिमीटर. 100 फेऱ्यांची गाडी मिनिटाला 20 मीटर जाईल, 300 ची 61 मीटर. सहा मीटरच्या वर्गात पहिलीला सुमारे 18 सेकंद, दुसरीला 6. मुलं खूश!

प्रत्यक्षात सतरंजीवर वळण आलं आणि गाड्या अडकल्या. "मॅडम, हाई गाडी पयतच नही!" मोटर घुंई करत होती, वायर गरम झाली, सेल उतरले. मी उत्तर दिलं नाही, फक्त विचारलं, "लळिंगचा घाट चढताना भरलेला ट्रक कोणत्या गिअरमध्ये असतो?" एकाचे वडील ट्रक चालवतात. तो लगेच म्हणाला, "पहिल्या!"

तिथून धडा सुरू झाला. डबीतली मोटर साधारण तीच असते, फरक आतल्या दातेरी चाकांचा. 10 दातांचं चाक 40 दातांच्या चाकाला फिरवतं, तेव्हा वेग चौथा हिस्सा होतो आणि जोर जवळपास चौपट. थोडा जोर घर्षणात जातो. वेग आणि जोर दोन्ही एकदम मिळत नाहीत. गुणोत्तर पुस्तकात शिकवायला मला जितका वेळ लागला असता, त्याहून कमी वेळात ते मुलांना कळलं. दोन गटांनी 150 ची मोटर लावली. त्यांच्या गाड्या सरळ रेषेत मागे पडत, वळणावर पुढे जात.

एका गटाची गाडी सारखी डावीकडे ओढायची. डाव्या-उजव्या मोटरी एकाच नावाच्या, तरी फेऱ्या सारख्या नव्हत्या. मुलांनी चाकाला खडूची खूण केली, फेऱ्या मोजल्या आणि जुळणारी जोडी शोधली. हे मी शिकवलं नव्हतं.

हा नुसता पोरखेळ नाही. जपानच्या क्योशो कंपनीची मिनी-झेड ही घरात पळवायची छोटी गाडी 1999 पासून जगभर शर्यतीत धावते. तिच्या मोटरवरचं चिमुकलं चाक सहा ते नऊ दातांचं बदलता येतं. ट्रॅक आखूड आणि वळणांचा असेल तर कमी दात, लांब सरळ असेल तर जास्त. मोठी माणसंही हेच कोडं सोडवत बसतात.

काही जण म्हणतील, अटल टिंकरिंग लॅब आहेत की! आहेत, पण त्या सहावी ते बारावीसाठी. पाचवीच्या मुलांनी तोवर थांबायचं का? एक बीओ मोटर साधारण शंभर रुपयांच्या आत येते. वायर जोडायला मोठ्यांनी हात लावावा, निवडीला नको.

पालकहो, पहिली मोटर चुकीची निघाली तर पैसे वाया गेले असं समजू नका. तीच खरी फी आहे. आणि शिक्षक मित्रांनो, प्रदर्शनात पहिला प्रश्न "किती जोरात पळते?" हा नको. "हीच मोटर का घेतलीस?" असं विचारा. उत्तर देणाऱ्या मुलाला नंबर द्या, गाडी शेवटची आली तरी.