नाहरगडची पायवाट कोणाची?

जयपूरच्या पुरानी बस्तीत एका मराठी घरात मी वाढलो. घरापासून सरळ उत्तरेला गेले की नाहरगडची फरसबंदी, नागमोडी पायवाट लागते. अर्ध्या-पाऊण तासात माणूस माथ्यावर. खिशात बोरे आणि हातात मांजाची फिरकी घेऊन आम्ही ती रोज चढत असू. यंदा बऱ्याच वर्षांनी पुन्हा चढलो. रविवार असूनही पूर्ण चढात चालणारी माणसे भेटली ती चार! म्हणून हे मुद्दे.

१. शहर 1727 चे, गड 1734 चा. दोन्ही सवाई जयसिंगांनी उभारले आणि ही वाट त्यांना जोडते. परकोट्यातल्या जयपूरला 2019 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले. त्या वारशाच्या भिंतींना गुलाबी रंगाचे हात मिळतात. वाटेवरच्या उखडलेल्या दगडाकडे कोण बघतो? छायाचित्रात येईल तेवढाच वारसा जपायचा, हा वारशाचा अपमान आहे.

२. या डोंगरावर नदी नाही, झरा नाही. म्हणून जुन्या कारागिरांनी उतारांवर दूरवर दगडी पाट काढले आणि पावसाचे पाणी गडावरच्या बावड्यांत आणले. आपल्या बारवेची ही बहीणच. फक्त डोंगराच्या कलाने वेडीवाकडी बांधलेली. लहानपणी त्या पाटांतून आम्ही कागदी होड्या सोडत असू. आज त्यात बाटल्या आणि वेफर्सची पाकिटे अडकली आहेत. कचरा टाकणारा पाहुणा निघून जातो. तो वर्षभर तसाच राहू देणारे आपण यजमान आहोत.

३. गाडीरस्ता आमेरच्या बाजूने मोठा वळसा घेऊन थेट माथ्यावर जातो. ज्याला चढवत नाही त्याच्यासाठी तो हवाच. पण गाडीतून तुटलेली पायरी दिसते का? बुजलेला पाट दिसतो का? सिंहगडाची आतकरवाडीची वाट जिवंत आहे, ती पहाटे चढणाऱ्या पुणेकरांच्या पायांमुळे. पायवाटेचे खरे पहारेकरी तिच्यावरून चालणारेच असतात. ते घटले की डोंगर बेवारस होतो.

४. तिन्हीसांजेला वाटेच्या वळणांवर दारूची टोळकी बसतात. तिथे आज कोणती आई मुलीला पाठवील? आम्हाला कोणी सोबत देत नसे, कारण येता-जाता ओळखीचे चेहरे असत. उपाय दिव्यांचे खांब रोवणे नव्हे. हा अभयारण्याचा परिसर आहे. सकाळ-संध्याकाळ गस्त हवी आणि पायथ्याशी तपासणी हवी. मुलींना ज्या वाटेवर जाता येत नाही, ती सार्वजनिक म्हणवण्याच्या लायकीची नाही.

५. जुलै 1981 चा महापूर जुन्या जयपूरकरांना विसरता येत नाही. डोंगराकडून येणारे पाणी किती वेगाने वस्तीत घुसते, हे त्या पावसाने दाखवून दिले. उतारावरची धोकची झाडे, झुडपे आणि गवत पाण्याला थोपवतात, माती धरून ठेवतात. नाहरगड अभयारण्य 1980 मध्येच जाहीर झाले. पण फलक लावून झाडी राखली जात नाही. डोंगराची हेळसांड म्हणजे पायथ्याच्या घरांशी केलेला खेळ आहे.

मागणी अवाजवी नाही. दर पावसाळ्यापूर्वी पाट मोकळे करा, फरसबंदी दुरुस्त करा, वाटेवर प्लास्टिक येऊ देऊ नका. शाळांनी वर्षातून एक दिवस मुलांना गाडीने नव्हे, पायी गडावर न्यावे आणि पाटांतले पाणी कुठून कुठे जाते ते दाखवावे.

हे प्रशासनाचे काम. आपले काम त्याहून सोपे आहे. जयपूरला गेलात, किंवा तिथेच राहत असलात, तर गाडी पायथ्याशी ठेवा आणि चढताना एक रिकामी पिशवी न्या. उतरताना ती भरलेली असेल. ती रिकामीच परत येईल त्या दिवशी ही वाट पुन्हा आपली झाली असे समजा.