भाव लपवून विश्वास कसा मिळेल?

समाजमाध्यमांवरच्या कोणत्याही दुकानाचे पान उघडले, की साडीच्या किंवा मसाल्याच्या फोटोखाली एकच प्रश्न रांगेने दिसतो: ‘किंमत?’ आणि प्रत्येकाला उत्तरही एकच मिळते: ‘इनबॉक्स केलंय, ताई.’ नागपुरात घरातून संत्रा बर्फी, सावजी मसाला, टसरच्या साड्या विकणाऱ्यांनी अशी पाने मोठ्या कष्टाने उभी केली आहेत. विक्री अडली की त्यांना सल्ले मिळतात ते रोज रील टाका, हॅशटॅग वाढवा, संध्याकाळी पोस्ट करा असे. हे सल्ले चुकीचे नाहीत, पण ते दुय्यम आहेत. माझ्या मते मूळ चूक वेगळीच आहे. माल दाखवायचा आणि तो घ्यावा की नाही हे ठरवण्यासाठी लागणारी माहिती मात्र हातची राखून ठेवायची, ही ती चूक. भाव, वजन, पत्ता, माल परत घेण्याच्या अटी यांतले काहीच पानावर नसेल, तर जाहिरात कितीही लोकांपर्यंत पोहोचली तरी तिच्यातून विश्वास तयार होत नाही.

इतवारीत किंवा गांधीबागेत गिऱ्हाईक दुकानात शिरते तेव्हा अर्धा विश्वास न बोलता जुळलेला असतो. कापड हाताला लागते, तराजू डोळ्यांसमोर असतो आणि माल खराब निघाला तर उद्या त्याच पायरीवर जाऊन जाब विचारता येतो. मोबाइलच्या पडद्यावर यातले काहीच नसते. म्हणून तिथे विक्रेत्याला ते लिहून द्यावे लागते. पुण्यातल्या माणसाने नागपुरी संत्र्याची पेटी मागवायची तर फळ आंबिया बहराचे आहे की मृगाचे, पेटीत किती किलो, कोणत्या दिवशी निघणार, हे त्याला कळायला हवे. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण वर्षभर तोच एक फोटो फिरवणाऱ्या पानाला त्या नावाचा काय फायदा? भंडारा जिल्ह्यातल्या मागावर विणलेली करवती काठाची टसर म्हणून साडी विकायची असेल, तर रेशमाच्या शुद्धतेची सिल्क मार्कची खूण फोटोत दिसली पाहिजे. मसाल्याच्या पाकिटावरचा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक आणि तयार केल्याची तारीख वाचता आली पाहिजे. चांगल्या मालाला ही माहिती जड नसते. ती नसली की चांगला आणि बनावट माल गिऱ्हाइकाच्या डोळ्याला सारखाच दिसतो, आणि त्यात नुकसान प्रामाणिक विक्रेत्याचेच होते.

कायद्याचीही हीच अपेक्षा आहे. जुलै 2020 मध्ये लागू झालेल्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार एकूण किंमत एका आकड्यात आणि तिच्या तपशिलासह सांगायची आहे. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर तो परत घ्यायला नकार देता येत नाही. ‘नो रिटर्न, नो एक्स्चेंज’ असे ठळक लिहिले म्हणून ही जबाबदारी संपत नाही. विक्रेत्याने स्वतःच गिऱ्हाईक बनून अभिप्राय लिहिण्यालाही मनाई आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी जाहीर केली. ‘फक्त दोन नग शिल्लक’ अशी खोटी घाई लावणे त्यात पहिल्या प्रकारात मोडते. अनेक विक्रेते ज्याला मार्केटिंगचे कौशल्य समजतात, ते या यादीत बसते.

यावर विक्रेते म्हणतील की भाव उघड केला तर शेजारचा दहा रुपयांनी कमी लावतो. पण शेजारच्याला तो भाव एका मेसेजमध्ये कळतोच. अंधारात राहते ते गिऱ्हाईक. शिवाय प्रत्येकाला वेगळा भाव सांगितला जात असावा, ही शंका त्याच्या मनात येते ती वेगळीच. दुसरा मुद्दा असा की भाव विचारणाऱ्या कमेंटमुळे पोस्ट जास्त लोकांना दिसते. हे खरे असू शकते. पण विचारणारे मोजता येतात, न विचारता पुढे सरकणारे मोजता येत नाहीत. भाव विचारून मग ‘नको’ म्हणणे अनेकांना संकोचाचे वाटते, आणि अशी माणसे गप्पपणे दुसऱ्या पानावर जातात. हातमागाच्या प्रत्येक साडीची किंमत वेगळी असते, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तिथे किंमत कुठून कुठपर्यंत जाते आणि ती कशाने वाढते, एवढे तरी लिहावे. ते वाचून गिऱ्हाइकाला विणकराच्या कष्टाचा अंदाजही येतो.

सगळ्यात गंभीर आक्षेप लहान विक्रेत्यांचा आहे. घर सांभाळून चार ऑर्डरी पाठवणाऱ्या बाईने मोठ्या कंपन्यांसारखे नियम कुठे पाळायचे? आणि फसवणारे गिऱ्हाईकही असतातच. त्यांच्या भीतीनेच ‘पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर तक्रार घेणार नाही’ अशी अट आली. ही भीती खरी आहे. खराब मालाचा फोटो किंवा व्हिडिओ मागण्यात काही वावगे नाही. पण तो नाही म्हणून खरी तक्रारही ऐकायचीच नाही, हे अन्यायाचे आहे. वेळेचे म्हणाल, तर व्हॉट्सॲप बिझनेसवर भावासह मालाची यादी फुकट लावता येते आणि अटींची एक पोस्ट पानाच्या माथ्यावर कायम ठेवता येते. एकदाचे हे काम रोजची पन्नास उत्तरे वाचवते. म्हणजे ज्याच्याकडे नोकर नाहीत, त्यालाच याची जास्त गरज आहे.

पानावरची गर्दी आपली नसते, हेही विसरून चालणार नाही. 29 जून 2020 रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि तिथे जमवलेले चाहते एका रात्रीत हातचे गेले. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास एकदम बंद पडले. अशा वेळी टिकते ते गिऱ्हाइकाला ठाऊक असलेले दुकानाचे नाव, पत्ता आणि शब्दाला जागण्याची ख्याती. म्हणूनच नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्ससारख्या व्यापारी संस्थांनी, बचत गटांसोबत काम करणाऱ्या ‘माविम’ आणि ‘उमेद’ने ऑनलाइन विक्रीच्या प्रशिक्षणात रील बनवण्याच्या आधी हा धडा ठेवावा: भाव, वजन, पत्ता आणि परतीच्या अटी लिहिल्याशिवाय पोस्ट टाकायची नाही. विदर्भाच्या मालात खोट नाही. तो विकणाऱ्यांनी भाव उघडपणे लिहावा, कारण आपल्या मालावर आपला विश्वास आहे हे दूरच्या गिऱ्हाइकाला त्यातूनच आधी कळते.